हार्डनर जास्त टाकला म्हणजे जोड पक्का? अजिबात नाही

वाळूजच्या वर्कशॉपपासून लातूरच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानापर्यंत एक सल्ला हमखास ऐकू येतो: ‘घाई असली की इपॉक्सीत हार्डनर जास्त टाका, लवकर वाळतं अन् दगडासारखं होतं.’ इपॉक्सी म्हणजे रेझिन आणि हार्डनर असे दोन भाग कालवून होणारं चिकटद्रव्य; त्याबाबत हे साफ चूक आहे.

हा गैरसमज बहुधा फायबरग्लासच्या कामातल्या पॉलिएस्टर रेझिनवरून आला असावा. त्यात टक्का-दोन टक्के घालतात ते द्रव्य फक्त क्रिया सुरू करून देतं. इपॉक्सीत मात्र हार्डनर स्वतःच रेझिनशी जोडला जाऊन जाळं विणतो. नेहमीच्या द्रव रेझिनच्या 100 ग्रॅमला टेटा (ट्रायएथिलीनटेट्रामाइन) जातीचा हार्डनर साधारण 13 ग्रॅम पुरतो. 20 घातला तर उरलेला जाणार कुठं? आतच मोकळा राहतो. जोड कमकुवत, वरून चिकट. झाकणानं अंदाज घेऊ नका. वजनकाटा वापरा, डब्यावरचं प्रमाण पाळा.

आपल्याकडच्या मे महिन्यात तर मगभर मिश्रण एकदम कालवूच नका. स्वतःच्या उष्णतेनं ते तापतं, प्लास्टिकचा मगच वितळतो, धूर निघतो. पसरट भांड्यात थोडं थोडं करा.

आणि कळकळीनं सांगतो, हात थिनरनं पुसू नका. रेझिन कातडीत आणखी मुरतं. नायट्राइल रबराचे हातमोजे घाला, लागलंच तर साबण-पाणी. एकदा अ‍ॅलर्जी जडली की पुढं थेंबभरानंही पुरळ उठतं.