चौदा दिवसांची नोटीस आणि लेबर कोडचा जुना वाद

लेबर कोडला, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केंद्राने केलेल्या नव्या कायद्यांना, विरोध म्हटलं की बऱ्याच जणांना वाटतं २०२० मध्ये सुरू झालं सगळं, पण संपाआधी १४ दिवसांची नोटीस ही भानगड १९२९ ची आहे. तेव्हाच्या ट्रेड डिस्प्युट्स कायद्यात ती टपाल, पाणी, वीज असल्या सेवांपुरतीच होती. ते बिल पास झालं त्याच दिवशी, ८ एप्रिलला, भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी असेंब्लीत बॉम्ब टाकले. बॉम्ब सगळ्यांना पाठ, बिल कशाचं होतं ते कोणी सांगत नाही.

मग १९३८, यावेळी सरकार आपल्याच लोकांचं, बाळासाहेब खेरांचं. समेटाची बोलणी संपेपर्यंत संप बेकायदा असा कायदा त्यांनी मुंबई प्रांतात आणला आणि ७ नोव्हेंबरला आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट, जे एरवी एकमेकांशी भांडायचे, त्यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. संप म्हणजे स्वातंत्र्याच्या हक्काचंच दुसरं नाव, असं बाबासाहेब सभागृहात म्हणाले होते. कायदा झालाच, पुढे १९४६ च्या बीआयआर (बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स) कायद्याने त्याची जागा घेतली, आणि १९८२ च्या गिरणी संपात दत्ता सामंतांबरोबर कामगार हाच बीआयआर रद्द करा म्हणत होते, कारण त्याच्यामुळे एकाच मान्यताप्राप्त युनियनची मक्तेदारी झाली होती.

आता कोड बघा, त्यातला संप आणि कपातीचा इंडस्ट्रियल रिलेशन्स कोड. १४ दिवसांची नोटीस सगळ्याच कारखान्यांना, निम्म्या कामगारांनी एकदम कॅज्युअल लीव्ह टाकली तरी तो संपच धरणार. खरी मेख पुढे आहे, नोटीस दिली की लेबर ऑफिसर समेटाला बसवणार आणि समेट चालू असताना संप बेकायदा, म्हणजे नोटीस देऊन तरी संप करायचा कधी? कामगार कपातीचंही तसंच. सरकारची परवानगी लागायची ती १९७६ ला, ऐन आणीबाणीत, ३०० कामगारांपासून, १९८४ पासून १००, आता परत ३००. म्हणजे २५० जणांच्या कारखान्यात मालकाला कपात करायला विचारायची गरजच नाही.

या कोडचं बिल पास झालं सप्टेंबर २०२० मध्ये, विरोधक बहिष्कार टाकून बाहेर असताना. लागू व्हायला मात्र २१ नोव्हेंबर २०२५ उजाडलं, मधल्या काळात देशव्यापी संप होतच राहिले. आणि हा फक्त लाल बावट्याचा ओरडा आहे म्हणणाऱ्यांनी एवढं बघावं, की इंडस्ट्रियल रिलेशन्स कोडवर संघ परिवारातल्या भारतीय मजदूर संघानेही आक्षेप घेतलेत.