कुलपात खोबरेल नको

किल्ली अडायला लागली की हात आपसूक तेलाच्या बाटलीकडे जातो. तेल सोडलं की दोन-चार दिवस कुलूप मऊ चालतं आणि मग आधीपेक्षा जास्त घट्ट होतं.

दाराच्या सिलिंडर कुलपात साधारण ५ किंवा ६ पिनांच्या जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीवर एक बारीक स्प्रिंग. किल्लीचे दाते या पिना नेमक्या उंचीवर उचलतात, सगळे सांधे एका रेषेत येतात, तेव्हाच आतला गाभा फिरतो. स्प्रिंगचा जोर अगदी थोडा. तेल चिकट झालं की वर गेलेली पिन खाली यायलाच मागत नाही.

नागपुरात तर हे लवकर होतं. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं. डिसेंबरात बाटली उन्हात ठेवावी लागते, तसंच ते कुलपातही थिजतं. जवसाचं तेल त्याहून वाईट. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते वाळतं आणि त्याचा पापुद्रा होतो, म्हणूनच ते रंगात वापरतात. शिलाई मशीनचं तेल असं वाळत नाही, पण उन्हाळ्यातली धूळ धरून ठेवतं.

म्हणून इथे कोरडं वंगण हवं. ग्रॅफाइटमध्ये कार्बनचे पातळ थर एकमेकांवरून घसरतात आणि धूळ चिकटत नाही. बारीक तोंडाच्या बाटलीतली पावडर एकदाच फुसकन सोडा, किल्ली ८-१० वेळा आत-बाहेर करा, दर वेळी पुसा, मग दोन्ही बाजूंना फिरवा. पावडर नसेल तर ६बी पेन्सिल किल्लीच्या दात्यांवर घासा. तिच्यात माती कमी आणि ग्रॅफाइट जास्त असतं. ग्रॅफाइटमधून वीज वाहते, त्यामुळे डिजिटल कुलपात ते घालू नका. तिथे पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा, ड्राय स्प्रे बरा.

आधी तेल घातलं असेल तर थेट ग्रॅफाइट मुळीच टाकू नका, काळा लगदा होतो. डब्ल्यूडी-४० सारख्या स्प्रेची नळी भोकात घालून जुना चिकटा धुऊन काढा. या नावातलं डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणं, आणि ४० हा १९५३ सालचा यशस्वी ठरलेला ४०वा प्रयत्न. त्यात मुख्यतः द्रावक असतं, त्यामुळे सफाईला ते उत्तम, पण कायमचं वंगण म्हणून पुरत नाही. किल्ली घालून काढा, पुसा, ती स्वच्छ निघेपर्यंत हेच करा. रात्रभर वाळू द्या, मगच कोरडं वंगण. फवारताना जवळ दिवा किंवा गॅस पेटता नको.

पण या सगळ्याआधी दार उघडं ठेवून किल्ली फिरवून बघा. सहज फिरली तर कुलूप ठीक आहे, दारच खाली बसलंय किंवा फुगलंय. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि कुलपाची जीभ, म्हणजे किल्ली फिरवली की बाहेर येणारा दांडा, चौकटीच्या पट्टीला घासते. जिभेच्या टोकाला खडू लावा, दार ओढून किल्ली फिरवा. पट्टीवर जिथे पांढरा ठसा उमटेल, तेवढीच कड कानशीने उतरवा.