मॅकिंतॉश एसई/३०

मॅकिंतॉश एसई/३० : ॲपल कंपनीचा, पडदा, मुख्य बोर्ड, डिस्क आणि वीजपुरवठा अशा सगळ्या गोष्टी एकाच उभ्या पेटीत सामावलेला टेबलावरचा संगणक. तो १९ जानेवारी १९८९ रोजी बाजारात आला आणि ऑक्टोबर १९९१ मध्ये बंद झाला. हार्ड डिस्क नसलेल्या मूळ मॉडेलची अमेरिकेतील किंमत ४,३६९ डॉलर होती. नऊ इंची कृष्णधवल पडद्याचे जे छोटे मॅकिंतॉश १९८४ पासून निघत होते, त्यांतला हा सर्वांत ताकदवान. जुने संगणक जपणाऱ्यांना त्याचे इतके अप्रूप का, याचे उत्तर त्याच्या बोर्डावर सापडते. यंत्राची कुवत मोठी होती, पण रॉम, म्हणजे संगणकाचे मूळ प्रोग्रॅम कायमचे साठवणारी चिप, तिच्यातल्या जुन्या प्रोग्रॅमने तिचे हातपाय बांधून ठेवले होते. त्यामुळे या संगणकाच्या श्रेणीवाढीचा मोठा भाग हा या गाठी सोडवण्याचाच आहे.

नावामागे एक गंमत सांगतात. ६८०३० प्रोसेसर बसवलेल्या ‘मॅकिंतॉश २’ ला कंपनीने ‘२एक्स’ म्हटले होते. तोच नियम याच्या आधीच्या ‘मॅकिंतॉश एसई’ या मॉडेलला लावून ते नाव रोमन लिपीत लिहून पाहावे, म्हणजे ‘/३०’ ची गरज का पडली ते ध्यानात येते.

पेटी एसईचीच, सुमारे साडेचौतीस सेंटिमीटर उंच आणि वरच्या बाजूला हात घालून उचलायला खोबण असलेली. आतला बोर्ड मात्र २एक्सच्या घराण्यातला. एसईमध्ये ८ मेगाहर्ट्झच्या जवळपास चालणारा ६८००० प्रोसेसर आणि १६ बिटांचा डेटा मार्ग होता. एसई/३० मध्ये मोटोरोलाचा ६८०३० प्रोसेसर आहे. कागदोपत्री १६ मेगाहर्ट्झ, प्रत्यक्षात १५.६७. सोबत अपूर्णांकांच्या गणितासाठी ६८८८२ हा वेगळा सहप्रोसेसर आहे आणि डेटा मार्ग पूर्ण ३२ बिटांचा आहे. फ्लॉपी १.४४ एमबीची, डॉस संगणकावर तयार केलेली फ्लॉपीही वाचू शकणारी. हार्ड डिस्क ४० किंवा ८० एमबीची, स्कझी या जोडणीच्या पद्धतीची. मागच्या बाजूला बाहेरच्या स्कझी उपकरणासाठी पंचवीस पिनांचे तोंड, कीबोर्ड-माउससाठी ॲपलच्या एडीबी पद्धतीची दोन तोंडे, प्रिंटर-मोडेमसाठी दोन सिरियल आणि आवाजासाठी एक जॅक. पडद्यावर ५१२ × ३४२ ठिपके. प्रत्येक ठिपका एकतर काळा, नाहीतर पांढरा. गंमत अशी, की याच यंत्राच्या रॉममध्ये रंगीत चित्रे काढण्याचा प्रोग्रॅम पूर्णपणे हजर होता. रंग हाताळता येणाऱ्या यंत्राच्या नशिबी काळापांढरा पडदा आला होता.

स्मृती आणि रॉम. रॅमसाठी, म्हणजे चालू कामाच्या स्मृतीसाठी, बोर्डावर आठ खाचा आहेत आणि त्यांत तीस पिनांच्या ‘सिम’ नावाच्या स्मृतीच्या पट्ट्या बसतात. एक पट्टी एका वेळी ८ बिट देते आणि प्रोसेसर ३२ बिट मागतो, म्हणून पट्ट्या नेहमी चारच्या जोडणीत घालाव्या लागतात. तीनच पट्ट्या घालून संगणक चालू करू पाहणारे आजही भेटतात. दुकानातून बाहेर पडताना यात १ एमबी रॅम असे. पुढे १६ एमबीच्या पट्ट्या निघाल्या तेव्हा आठही खाचा भरून १२८ एमबीपर्यंत जाता आले. १९८९ साली आखलेल्या घरगुती आकाराच्या संगणकासाठी हा आकडा अचाटच आहे. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातही अनेक नव्या संगणकांत याहून कमी रॅम असे.

पण १२८ एमबी घातले तरी यंत्र ८ एमबीच्या पुढे बघत नाही. दोष रॅमचा नसून रॉमचा आहे. मूळ मॅकिंतॉशचा ६८००० प्रोसेसर स्मृतीतला पत्ता २४ बिटांतच वाचत असे. ३२ बिटांच्या जागेतले वरचे आठ बिट रिकामे राहत, म्हणून ॲपलच्या प्रोग्रॅमरांनी त्यांत स्वतःच्या खुणा ठेवल्या: हा तुकडा हलवू नये, हा गरज पडल्यास टाकून द्यावा, वगैरे. पाकिटावर पिनकोडची चौकट रिकामी दिसली म्हणून तिथे वाणसामानाची यादी लिहावी, तसा हा प्रकार. १९८४ मध्ये रॅम १२८ केबी होती, तेव्हा ही काटकसर शहाणपणाचीच होती. ६८०३० मात्र पूर्ण ३२ बिटांचा पत्ता वाचतो, आणि वाणसामानाची यादी त्याला पिनकोड वाटते. त्यामुळे एसई/३० ला जुन्या २४ बिटांच्या पद्धतीतच चालवावे लागे. त्या पद्धतीत एकूण १६ एमबी पत्ते मिळतात. त्यांतले रॅमच्या वाट्याला ८ येतात आणि उरलेले रॉम, कार्डे आणि इतर भाग वाटून घेतात. अशा रॉमला जाणकार ‘डर्टी’, म्हणजे मळकट रॉम म्हणतात.

यावर पहिला तोडगा सॉफ्टवेअरचा निघाला. कनेक्टिक्स कंपनीने मोड३२ नावाचा प्रोग्रॅम काढला, जो संगणक सुरू होतानाच रॉममधल्या चुकीच्या वाटा बदलून देई. ॲपलने १९९१ मध्ये त्याचे हक्क घेऊन तो ग्राहकांना फुकट दिला. स्वतःच्या यंत्रातली उणीव दुसऱ्याच्या औषधाने झाकण्याचा हा प्रसंग कंपनीला फारसा भूषणावह नव्हता, पण वापरणाऱ्यांचे काम झाले. दुसरा तोडगा जास्त नेटका आहे. एसई/३० मध्ये रॉम बोर्डावर डाग देऊन जोडलेली नसते, ती एका पट्टीवर असते. ती काढून मॅकिंतॉश २एसआय किंवा २एफएक्सची रॉम पट्टी बसवली, की संगणक मुळातूनच ३२ बिटांत चालू लागतो. आता ती जुनी पट्टी हुडकण्याचीही गरज राहिलेली नाही. पुन्हा लिहिता येणाऱ्या चिप वापरून केलेल्या नव्या पट्ट्या मिळतात; ‘रॉम-इनेटर’ ही त्यांतली माहीत असलेली. तिच्यात एक छोटी डिस्कही सामावलेली असते, म्हणजे हार्ड डिस्क नसतानाही यंत्र सुरू होते.

याच पट्टीचा आणखी एक फायदा लहान दिसतो, पण आहे मोलाचा. मूळ रॉम सुरुवातीला सगळी रॅम तपासते. १२८ एमबी भरलेले असले तर हे चांगलेच लांबते आणि तोवर पडद्यावर काहीच येत नाही. नव्याने रॅम घातलेला माणूस तेवढ्यात यंत्र मेले असे समजून बटण बंद करतो. नवी पट्टी ही तपासणी टाळते.

अधिकृतपणे एसई/३० वर ‘सिस्टिम’ या ॲपलच्या कार्यप्रणालीच्या ६.०.३ ते ७.५.५ या आवृत्त्या चालतात. ३२ बिटांची रॉम बसवल्यावर मॅक ओएस (सिस्टिमचेच पुढचे नाव) ७.६.१ पर्यंत जाता येते. ८.१ ला ६८०४० प्रोसेसर लागतो, तरी संगणकाची ओळख खोटी सांगून तीही चालवणारे आहेत. हौस म्हणून ठीक. रोजच्या वापराला ६.०.८ किंवा ७.१ इतकी चपळ दुसरी नाही. सर्व्हरच्या कामासाठी ॲपलची युनिक्स आवृत्ती ए/यूएक्सही यावर चालत असे, कारण ६८०३० मध्ये स्मृतीची आखणी करणारा भाग आणि बोर्डावर सहप्रोसेसर, दोन्ही तयारच होते.

साठवण. मूळ हार्ड डिस्क आज चालू स्थितीत मिळाली तर नवलच. त्या काळच्या काही क्वांटम डिस्कमध्ये वाचणाऱ्या दांडीला अडवणारा रबरी तुकडा असे. तो वर्षानुवर्षांत विरघळून गुळाच्या पाकासारखा चिकट होतो आणि दांडी तिथेच अडकते. उघडून तो तुकडा बदलणारे आहेत, पण जुना डेटा वाचवायचा असेल तरच हा खटाटोप करावा. एरवी स्कझी२एसडी किंवा ब्लूस्कझीसारखे छोटे बोर्ड बसवले जातात. ते पन्नास पिनांच्या चपट्या केबलला जोडले जातात आणि मेमरी कार्डावरची फाइल संगणकाला हार्ड डिस्क म्हणून दाखवतात. कार्ड कितीही मोठे असले तरी सिस्टिम ७.१ पर्यंत डिस्कचा एक भाग २ जीबीपेक्षा मोठा ठेवता येत नाही, ७.५ वर ही मर्यादा ४ जीबी होते. १९९१ च्या कामांना यातली एखादा टक्का जागाही पुरते.

विस्ताराची खाच. बोर्डावर १२० पिनांची एकच खाच आहे. ती थेट प्रोसेसरच्या तारांना जोडलेली असल्याने वेगवान आहे, आणि एकच असल्याने भांडणाचे मूळही आहे: नेटवर्कचे कार्ड घालायचे, की वेगवर्धक, की रंगीत पडद्याचे? डेस्टारची पॉवरकॅश कार्डे ५० मेगाहर्ट्झचा ६८०३० देत, त्याच कंपनीची टर्बो ०४० थेट ६८०४० देत असे. असांतेचे मॅककॉन हे इथरनेट कार्ड बरेच खपले. दोन कार्डे एकमेकांवर रचता यावीत म्हणून मधले जोड-बोर्डही निघाले, पण त्या अरुंद पेटीत मग उष्णतेचा आणि जागेचा प्रश्न उभा राहतो.

या सगळ्यात मायक्रॉनचे एक्सीड कार्ड अगदी वेगळे. ते बाहेरच्या रंगीत मॉनिटरला चित्र देई हे खरे, पण त्याबरोबर मिळणारा छोटा बोर्ड पिक्चर ट्यूबच्या मानेवर बसवला की आतल्याच नऊ इंची पडद्यावर करड्या रंगाच्या २५६ छटा दिसू लागत. म्हणजे ट्यूब आधीपासून छटा दाखवू शकत होती, तिला फक्त चालू-बंद एवढाच निरोप मिळत होता. मूळ कार्डे दुर्मिळ झाल्यावर हौशी मंडळींनी त्यांची रचना अभ्यासून नव्या प्रती तयार केल्या.

ॲपलने १९९१ मध्ये याच्या जागी आणलेला क्लासिक २ पाहिला, की एसई/३० ची किंमत कळते. प्रोसेसर तोच ६८०३०, वेग तोच १६ मेगाहर्ट्झ. पण डेटा मार्ग १६ बिटांवर आणला, रॅम १० एमबीवर अडवली आणि विस्ताराची खाच काढून टाकली. नंतरचे मॉडेल आधीच्यापेक्षा हळू, असा हा उलटा प्रवास. एसईच्या मालकांसाठी ॲपल स्वतः एसई/३० चा बोर्ड विकत असे, त्यामुळे पेटीवरच्या नावावरून आत काय आहे याचा अंदाज बांधू नये. उघडून बघावे.

उघडणे आणि दुरुस्ती. उघडायला टी-१५ टोकाचा, लांब दांडीचा टोर्क्स स्क्रूड्रायव्हर लागतो. दोन स्क्रू वरच्या खोबणीत बरेच खोल आहेत, आखूड अवजार तिथवर पोचतच नाही. मागचे आवरण निघाले, की समोर पिक्चर ट्यूबची बारीक मान येते. हीच सगळ्यांत नाजूक जागा. कोपराचा धक्का लागून मान तडकली, तर सूंऽऽ असा हवा आत शिरण्याचा आवाज येतो आणि ट्यूब संपते. ट्यूबच्या बाजूच्या रबरी टोपीखाली हजारो व्होल्टचा भार शिल्लक असू शकतो, तो आधी उतरवायचा असतो. हे ज्याने कधी केलेले नाही, त्याने टीव्ही दुरुस्त करणाऱ्या जुन्या मेकॅनिकला शेजारी बसवावे. वीजपुरवठा व्होल्टेज आपोआप ओळखणारा आहे, त्यामुळे अमेरिकेतून आलेले यंत्र आपल्याकडच्या २३० व्होल्टवर ट्रान्सफॉर्मरशिवाय चालते.

खरा शत्रू बोर्डावर आहे. पृष्ठभागावर डाग दिलेले छोटे ॲल्युमिनियमचे कपॅसिटर, बहुतेक ४७ मायक्रोफॅरॅड, १६ व्होल्टचे, खालून पाझरतात. त्यांतला द्रव तांब्याच्या रेघा खातो. आधी आवाज बारीक होतो, मग जातो, मग एक दिवस पडद्यावर सतरंजीसारखे आडवे पट्टे येतात. जपानी हौशींनी या पट्ट्यांना ‘सिमासिमॅक’ असे नाव ठेवले. त्यांच्या भाषेत ‘शिमा’ म्हणजे पट्टा. पाझरलेल्या कपॅसिटरला सोल्डरिंग आयर्न टेकवले, की सुक्या मासळीसारखा वास सुटतो. हा वास आला, म्हणजे बोर्ड धुतल्याशिवाय पुढे जाऊ नये. जुने कपॅसिटर काढून टँटलमचे बसवतात, बोर्ड धुऊन पूर्ण वाळवतात आणि तुटलेल्या रेघांच्या जागी बारीक तार ओढतात. इतर कोणतीही श्रेणीवाढ यानंतर. गळक्या बोर्डावर १२८ एमबी रॅम घालणे, म्हणजे ओल आलेल्या भिंतीला रंग देणे.

पेन्सिल सेलच्या निम्म्या उंचीची ३.६ व्होल्टची लिथियम बॅटरी त्याहून वाईट. ती फुटली तर आजूबाजूचा बोर्ड, कधी लोखंडी सांगाडाही कुजवते. नुसते ठेवून दिलेले यंत्र हाती आले तर पहिल्या दिवशी तीच काढावी. तिच्यावाचून एसई/३० व्यवस्थित सुरू होतो. फार तर घड्याळ १९०४ सालात जाते, कारण मॅकिंतॉशची कालगणना तिथूनच सुरू होते.

प्लास्टिक पिवळे पडते ते त्यात आग रोखण्यासाठी घातलेल्या ब्रोमीनयुक्त द्रव्यांमुळे, असे मानतात. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवल्यास ते उजळते. पुढे पुन्हा पिवळे पडते.