नाव रजिस्टर केलं म्हणजे कृती राखली गेली?

‘ट्रेडमार्क काढा, मग तुमची रेसिपी कुणी उचलू शकत नाही’ हा मेसेज सोलापुरात शेंगाचटणी, कडक भाकरी विकणाऱ्यांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतोय. ऐकायला पटतं, पण खरं नाही.

ट्रेडमार्क राखतो नाव आणि चिन्ह, तेही १० वर्षं, पुढे नूतनीकरण. प्रमाणपत्र वाचून बघा: त्यात नाव असतं, मालाचा वर्ग असतो. दाणे किती भाजायचे, लसूण कधी घालायचा, हे कुठेच नसतं. सरकारी संकेतस्थळावर कोणताही ट्रेडमार्क फुकट शोधता येतो, तिथेही हेच दिसेल.

मग पेटंट? पेटंट कायदा १९७०, कलम ३ वाचा. नुसतं मिश्रण आणि पारंपरिक ज्ञान दोन्ही पेटंटमधून वगळलंय. शिवाय पेटंट घेताना कृती जाहीर करावी लागते, आणि २० वर्षांनी ती सगळ्यांची होते.

पाकिटावर घटक उतरत्या क्रमाने छापावेच लागतात, पण उखळात तेल सुटेपर्यंत किती कुटायचं हे छापावं लागत नाही. खरी कृती तिथेच आहे. ती गुपित ठेवायची तर मसाला एकाने मोजावा, कुटाई दुसऱ्याने करावी, म्हणजे पूर्ण कृती एकाच्याच हाती जात नाही. कामगार आणि पुरवठादाराशी गोपनीयतेचा लेखी करार करावा. मात्र कुणी स्वतः चाखून तशीच चटणी जमवली, तर त्याला अडवता येत नाही.