सुवार्ता आणि ‘पहिला दिवस’ : पार्श्वभूमी

सृष्टीच्या उत्पत्तीवरील श्रद्धेला ख्रिस्ती सुवार्ताप्रसारात, म्हणजे येशूचा शुभसंदेश सांगण्याच्या कामात, आज जी जागा आहे, ती प्रामुख्याने १९६१ नंतरची. त्या वर्षी अमेरिकेत जुन्या कराराचे एक अभ्यासक आणि जलाभियांत्रिकीचे एक प्राध्यापक यांनी मिळून बायबलमधल्या नोहाच्या जलप्रलयावर जाडजूड पुस्तक लिहिले. पृथ्वीचे वय काही हजार वर्षेच आहे, खडकांचे बहुतेक थर आणि त्यांतले जीवाश्म त्या एका प्रलयातच तयार झाले, अशी त्यांची मांडणी होती. कल्पना नवी नव्हती. १९२३ मध्ये ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथातल्या एका लेखकाने ती जवळपास तशीच मांडली होती, पण ती त्याच्या पंथाबाहेर फारशी रुजली नाही. १९६१ नंतर मात्र ती व्याख्यानांतून, पत्रकांतून आणि रविवारच्या शाळेतून घरोघरी गेली.

त्याआधीही सुवार्तिक निर्माणकर्त्याबद्दल बोलतच होते. नव्या करारातले ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक वाचताना एक फरक सहज दिसतो. यहुद्यांच्या सभास्थानात प्रेषित पौल इस्राएलाच्या इतिहासापासून सुरुवात करतो, कारण समोरच्यांना शास्त्र पाठ असते. लुस्त्र गावात लोक त्याला आणि बर्णबाला देव समजून बैल आणि हार घेऊन येतात, तेव्हा तो आकाश, पृथ्वी आणि समुद्र घडवणाऱ्या, पाऊस आणि सुगीचे दिवस देणाऱ्या देवाचे नाव घेतो. अथेनैमध्ये ‘अज्ञात देवाला’ असे कोरलेल्या वेदीपासून तो जग निर्माण करणाऱ्यापर्यंत येतो. शास्त्र ठाऊक नसलेल्यांशी बोलायची ती समाईक जमीन होती. पृथ्वी केव्हा झाली, हे त्याने दोन्ही ठिकाणी सांगितलेले नाही.

पृथ्वीच्या वयाचा प्रश्न फार नंतरचा. १६५० मध्ये आयर्लंडच्या एका आर्चबिशपांनी निर्मितीचे साल इसवी सनापूर्वी ४००४ असे काढले आणि पुढे इंग्रजी बायबलच्या समासात ते छापले जाऊ लागले. तरीही एकोणिसाव्या शतकात भूविज्ञान पुढे सरकले, तेव्हा बरेच कट्टर प्रचारकही डगमगले नाहीत. १८१४ मध्ये स्कॉटलंडमधल्या एका उपदेशकाने ‘उत्पत्ती’ या बायबलच्या पहिल्या पुस्तकातल्या पहिल्या दोन वचनांच्या मध्ये अगणित काळ गेला असावा, असे सुचवले. १९०९ च्या टीपांसह छापलेल्या एका लोकप्रिय बायबलने तेच मत हजारो घरांत पोचवले. १९२५ मध्ये टेनेसीतल्या डेटन गावी उत्क्रांती शिकवल्याबद्दल एका शिक्षकावर खटला चालला. त्यात बायबलच्या बाजूने उभे राहिलेल्या वकिलांनीच साक्षीत सांगितले की ते सहा दिवस चोवीस तासांचे असलेच पाहिजेत असे नाही. ही गोष्ट आज त्या खटल्याच्या आठवणीतून जवळजवळ पुसली गेली आहे.

सारा गुंता ‘दिवस’ या शब्दाचा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबायला हवे. मूळ हिब्रू शब्द ‘योम’. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात पाचव्या वचनातच तो दोनदा येतो : एकदा उजेडाचे नाव म्हणून, आणि लगेच संध्याकाळ-सकाळ मिळून होणाऱ्या पूर्ण दिवसासाठी. दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या वचनात सगळी निर्मिती एकाच ‘योम’मध्ये बसते. मराठी वाचकाला हे परके वाटू नये. ‘दिवसा झोपतो’, ‘आठ दिवस राहिला’, ‘ते दिवस गेले’ असे आपण बोलतो आणि कोणाचा गोंधळ उडत नाही. चोवीस तासांचा आग्रह धरणारे संध्याकाळ-सकाळीकडे, पहिला-दुसरा या क्रमाकडे आणि शब्बाथाच्या, म्हणजे सातव्या दिवशी विसावा घेण्याच्या, आज्ञेकडे बोट दाखवतात. त्या आज्ञेत देवाचे सहा दिवस माणसाच्या कामाच्या आठवड्याला जोडलेले आहेत, आणि हा मुद्दा खरोखर वजनदार आहे. समोरचे विचारतात, सूर्य चौथ्या दिवशी आला तर पहिल्या तिघांची संध्याकाळ कशी मोजायची? सातव्या दिवसाला संध्याकाळ-सकाळ लिहिलेलीच नाही, ती का?

तरी चोवीस तासांसाठी एवढा जीव का टाकला जातो, हे समजायला रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय उघडावा लागतो. एका माणसाच्या द्वारे पाप जगात आले आणि पापामुळे मरण आले, असे तिथे म्हटले आहे. आदामाआधी कोट्यवधी वर्षे प्राणी मरत असतील, तर मरण ही पापाची मजुरी कशी, आणि वधस्तंभाने नेमके काय फेडले, असा प्रचारकाचा सवाल आहे. ही त्याची खरी काळजी आहे, तिला अज्ञान म्हणून उडवून लावणे अन्यायाचे होईल. पण त्या वचनात पुढचे शब्द ‘सर्व माणसांमध्ये मरण पसरले’ असे आहेत. जनावरांच्या मरणाबद्दल पौल तिथे काही बोलत नाही.

१९८७ मध्ये आलेल्या, ऑस्ट्रेलियातल्या एका माजी शिक्षकाच्या पुस्तकातले व्यंगचित्र पुढे बरेच फिरले. दोन किल्ले समोरासमोर. एकाचा पाया उत्क्रांती, दुसऱ्याचा निर्मिती. उत्क्रांतीवाल्यांच्या तोफा थेट समोरच्या पायावर डागलेल्या, आणि ख्रिस्ती किल्ल्यावरचे लोक हवेतल्या फुग्यांवर गोळे वाया घालवणारे. पाया ढासळला तर सुवार्ता कोणी ऐकणार नाही, हा त्या चित्राचा अर्थ. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांत उत्क्रांतीसोबत निर्मितीही शिकवण्याची सक्ती करणारा लुईझियानाचा कायदा घटनाबाह्य ठरवला. शाळेचा रस्ता अरुंद झाला तशी संग्रहालये उभी राहिली. २००७ मध्ये केंटकीत एक सुरू झाले, आणि २०१६ मध्ये त्याच राज्यात ५१० फूट लांबीचे नोहाचे तारू (जहाज).

पाचव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर आफ्रिकेतल्या एका बिशपांनी लिहून ठेवले होते की आकाश-पृथ्वीबद्दल ख्रिस्ती माणूस जाणकारांसमोर चुकीचे बोलू लागला, तर ते पुनरुत्थानाबद्दलही त्याचे ऐकणार नाहीत. या इशाऱ्याला त्या किल्ल्यांच्या चित्राइतकी जागा कधीच मिळाली नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलिपिन्सच्या पलावान बेटावर वेगळी वाट निघाली. बाप्तिस्मा घेतलेल्या अनेकांना सुवार्तेचा अर्थ कळलेलाच नाही, हे एका मिशनरीच्या ध्यानात आले. त्याने ख्रिस्तापासून सुरुवात करणे सोडले आणि गोष्टी क्रमाने सांगायला घेतल्या : आधी देव, मग सृष्टी, मग आदाम-हव्वेची एदेन बाग. १९८० च्या दशकात ही पाठमाला छापून इतर देशांत गेली. तिच्यात येशूचा जन्म कित्येक पाठांनंतर येतो. आदाम आणि हव्वा अंजिराच्या पानांनी अंग झाकतात आणि देव त्यांना कातड्याची वस्त्रे करून देतो, तिथे मात्र सांगणारा थांबतो. पाने का चालली नाहीत आणि कातडे कुठून आले, हे तो ऐकणाऱ्यांना विचारतो.