छत्री-मासेमारी

उथळ पाण्यात उभे राहून पंखांची छत्री धरायची आणि तिच्या सावलीत मासा टिपायचा, अशी काही बगळ्यांची शिकारीची पद्धत. ती सर्वांत पूर्णपणे जमली आहे आफ्रिकेतल्या काळ्या बगळ्याला (एग्रेटा आर्डेसियाका). सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत आणि मादागास्करमध्ये तळ्यांच्या काठी, दलदलीत आणि भातखाचरांत हा पक्षी आढळतो.

दोन-चार पावले झपाझप टाकून पक्षी थांबतो, मान खाली घालतो आणि दोन्ही पंख पुढे ओढून डोक्याभोवती मिटवतो. पिसांची टोके पाण्याला टेकतात. मानेवरची पिसेही उभारली जात असल्याने वरची फट बुजते. डोके, चोच, सगळे आत. कोकणात इरले घेऊन वाकून भात लावणारा माणूस लांबून जसा दिसतो, तसाच काहीसा हा आकार. दोन-तीन सेकंदांत छत्री मिटते, पक्षी पुढे सरकतो आणि पुन्हा तेच. आत असताना पिवळ्या पंज्यांनी तो चिखलही ढवळतो. कधी एकटा, कधी थव्याने; थव्यात एकाच वेळी अनेक छत्र्या उघडतात, तेव्हा हसू आवरत नाही.

याचा उपयोग काय, यावर एकमत नाही. लहान मासे आडोसा शोधत सावलीत येतात, असे एक मत. पाण्यावरची चकाकी गेल्याने तळ स्पष्ट दिसतो, हे दुसरे. दोन्ही एकदम खरे असायला हरकत नाही. मात्र नुसता काळा रंग असून भागत नाही: बोत्स्वानातल्या ओकावांगोच्या दलदलीतला राखी बगळा (एग्रेटा विनासिगुला; आपल्याकडचा राखी बगळा नव्हे) इतका सारखा दिसतो की बराच काळ तो याचाच रंगभेद समजला गेला, पण तो छत्री धरत नाही.

अमेरिकेतला तांबूस बगळा पाण्यात धावत, गिरक्या घेत मध्येच पंख पसरतो; त्याची छत्री अर्धवटच असते. भारतातला लहान बगळा काळ्या पायांच्या पिवळ्या पंज्यांनी गाळ हलवून मासे उठवतो. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला दिसणारा चित्रबलाक अर्धी उघडी चोच पाण्यात फिरवत एखादा पंख झटकन उघडतो, पण तिथे हेतू उलटा: मासा सावलीत बोलवायचा नसतो, बिचकवून चोचीकडे पळवायचा असतो.