हेन्री स्टार आपला पणजोबा होता का, हे डीएनए सांगेल?

नळीत थुंकायचं, पोस्टाने पाठवायचं आणि आपले पूर्वज कोण ते घरबसल्या कळणार, असा समज हल्ली फार पसरलाय. तो किती अर्धवट आहे हे बघायला हेन्री स्टारचं घराणं अगदी योग्य.

चेरोकी या अमेरिकेतल्या मूलनिवासी जमातीतला हा बँक दरोडेखोर 1873 मध्ये फोर्ट गिब्सनजवळ जन्मला, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात. 1915 मध्ये स्ट्राउड गावात एकाच वेळी दोन बँका लुटायला गेला आणि एका पोरगेल्या मुलाच्या गोळीने जायबंदी झाला, मग 1921 मध्ये आर्कान्सातल्या हॅरिसनला मोटारीतून बँक लुटायला गेला तिथे गोळी लागून मेला. आजोबा टॉम स्टारही कुप्रसिद्ध, आणि गुन्हेगार म्हणून गाजलेली बेल स्टार ही नात्याने चुलती.

आता समजा कुणाच्या घरात ऐकीव गोष्ट आहे की हेन्री आपला पणजोबा. पणजोबाकडून सरासरी साडेबारा टक्के डीएनए येतो, खापरपणजोबाकडून सव्वासहा. हे आकडे सरासरीचे, आणि खरी गंमत इथेच आहे. स्त्रीबीज किंवा शुक्राणू तयार होताना प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती, म्हणजे आईकडची आणि वडिलांकडची, एकमेकींना चिकटतात, काही ठिकाणी तुटतात आणि तुकडे अदलाबदल करून परत जुळतात. पत्ते पिसावेत तसं, पण फार थोड्या ठिकाणी: 22 गुणसूत्रं धरली तर एका पिढीत सरासरी 33च्या आसपास काप, स्त्रीबीजात जास्त, शुक्राणूत कमी. म्हणून डीएनए सुट्या अक्षरांत येत नाही, मोठमोठ्या सलग तुकड्यांत येतो. दर पिढीला आईकडच्या आणि वडिलांकडच्या तुकड्यांत प्रत्येकी साधारण 33ची भर पडते, पण पूर्वज मात्र दुप्पट होतात, 2, 4, 8, 16 असे. दहा पिढ्या मागे 1024 पूर्वज आणि दोन्ही बाजूंचे मिळून तुकडे साधारण 640, मग तुकडे वाटणार कुणाकुणाला? बऱ्याच जणांच्या वाट्याला शून्य. ते वंशावळीत खरेखुरे पूर्वज आहेत, पण तुमच्या डीएनएत त्यांचा तुकडा नाही. मला हे गणित पहिल्यांदा समजलं तेव्हा भारी वाटलं होतं, अजूनही वाटतं.

पणजोबाचं तसं नाही, त्याचे तुकडे असणारच. पण हेन्रीचा नमुना कुठे आहे? त्यामुळे त्याच्या ज्ञात नातेवाइकांच्या वंशजांशी जुळवायचं. खापरपणजोबा-खापरपणजी एकच असलेल्या दोन दूरच्या भावंडांत सरासरी पाऊण टक्का जुळतो, आणि दहातल्या एखाद्या जोडीत पकडता येईल इतकं काहीच जुळत नाही. आणखी एक पिढी मागे गेलं की साधारण निम्म्या जोड्या कोऱ्या. म्हणजे जुळलं नाही तर नातं नाही असं म्हणताच येत नाही, आणि जुळलं तरी ते स्टारांकडून आलं की दुसऱ्याच कुठल्या बाजूने हे वेगळं तपासावं लागतं. म्हणून घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाची टेस्ट आधी करावी, एक पिढी वाचते.

वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळपास जसंच्या तसं जातं म्हणून लोक ते तपासतात. पण स्टार हे आडनाव आलं केलेब स्टारकडून, जो पेन्सिल्व्हेनियातून आलेला गोरा. त्याची बायको नॅन्सी हार्लन, प्रसिद्ध चेरोकी नेत्या नॅन्सी वॉर्ड यांची नात. चेरोकी कूळ आईकडून चालतं. त्यामुळे अस्सल स्टार पुरुषाचं वाय गुणसूत्र युरोपी निघेल, आणि तरी तो चेरोकीच.

"दरोडेखोराचं रक्त आहे अंगात" हे तर निव्वळ खुळ. असलं जनुक नसतं. आपल्याकडे याच खुळापायी 1871च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, पारधी समाज त्याचे चटके अजून सोसतोय. टेस्ट करणाऱ्या कंपन्या देतात त्या टक्केवारीच्या रंगीत नकाशांवरही जास्त विश्वास नको, ते कंपनीकडे कुणाचे नमुने आहेत त्यावर ठरतात.

चेरोकी नेशन, म्हणजे चेरोकींचं स्वतःचं सरकार, नागरिकत्वासाठी डीएनए बघतच नाही, डॉज रोल्स या विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या याद्यांत पूर्वजाचं नाव आहे का ते बघते. शोध तिथूनच सुरू करावा, आणि मग एमेट स्टार या चेरोकी इतिहासकाराच्या वंशावळी काढाव्यात. तोही स्टारच, आणि त्याचा ग्रंथ आला 1921 मध्ये, हेन्री मेला त्याच वर्षी.